बालअत्याचार रोखायचे तर रोटरी-लायन्ससारख्या क्लबांनी नेमकं काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातल्या एका क्लबच्या नियोजित अध्यक्ष ताई विचारतात की जुलैपासूनच्या त्यांच्या वर्षासाठी क्लबने 'बालअत्याचार प्रतिबंध' हा मुख्य प्रकल्प घेतलाय. दहा शाळांत 'गुड टच, बॅड टच'ची व्याख्यानं, बालदिनाला रॅली, चौकाचौकांत 1098 या बाल हेल्पलाइनचे फ्लेक्स आणि मे महिन्यात परिसंवाद, एवढं ठरलंय. बजेट दीड लाखाचं आहे. अजून काय करता येईल?

ताई, अजून काय करायचं ते सांगण्याआधी यातलं काय कमी करायचं ते सांगते. रॅली काढू नका. परिसंवादही नको. दहा शाळांऐवजी दोनच घ्या, पण तीन वर्षांसाठी घ्या. त्यातून वाचलेला वेळ आणि पैसा कुठे लावायचा ते खाली लिहिते. जरा लांबेल, कारण रोटरी, लायन्स, जेसीज, इनरव्हील यांच्याकडे या कामासाठी जे आहे ते आमच्यासारख्या बालसंरक्षणात काम करणाऱ्यांकडे कधीच नसतं, आणि बहुतेक क्लब नेमकं तेच वापरत नाहीत.

आधी अत्याचार करणारा माणूस कोण असतो ते पाहू. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये 13 राज्यांतल्या 12,447 मुलांशी बोलून केलेली पाहणी प्रसिद्ध केली. त्यातल्या 53 टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं. त्यात मुलगे मुलींच्या बरोबरीने होते. बहुतेकांनी ही गोष्ट कधी कोणापाशी बोलून दाखवलेलीच नव्हती. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अलीकडचे अहवाल पाहिले तर पोक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) नोंदलेल्या बलात्काराच्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक आरोपी मुलाच्या ओळखीतले निघतात. तेव्हा फ्लेक्सवर टोपी घातलेला, चॉकलेट दाखवणारा अनोळखी माणूस छापून मुलं सुरक्षित होत नाहीत. खरा माणूस ट्यूशनचे सर असतो, व्हॅनवाले काका असतो, वरच्या मजल्यावरचा दादा असतो, सख्खा मामा असतो, कधी वडीलच असतात.

आता तुमच्या क्लबची सदस्ययादी समोर घ्या. बालरोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ, दंतवैद्य, वकील, सीए, दोन-तीन शाळांचे संस्थाचालक, मंगल कार्यालयाचे मालक, प्रिंटिंग प्रेसवाले, बिल्डर, स्कूलबसचे ठेकेदार, बँकेचे शाखाधिकारी. गावातलं मूल सकाळपासून रात्रीपर्यंत ज्या मोठ्या माणसांच्या ताब्यात असतं, त्यातली निम्मी माणसं या यादीतल्या कोणाच्या तरी पगारावर, जागेत किंवा शब्दात असतात. मुलांनी सावध राहावं म्हणून जेवढी शक्ती तुम्ही खर्च करणार आहात, तेवढी या मोठ्या माणसांना नियमात बसवायला लावा.

सुरुवात क्लबच्या घरातून करा. तुमचा क्लब मुलांसोबत काय काय करतो ते एका कागदावर लिहा: मुलांचे इंटरॅक्ट आणि लिओ क्लब, उन्हाळी शिबिर, रायला (युवा नेतृत्व शिबिर), दत्तक घेतलेली आश्रमशाळा, शिष्यवृत्तीच्या मुलाखती, आरोग्य तपासणी, सहल. मग प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचारा, इथे एखादा मोठा माणूस एका मुलाबरोबर एकटा राहू शकतो का? राहू शकत असेल तर ती रचना बदला. शिष्यवृत्तीची मुलाखत दार उघडं ठेवून आणि दोन सदस्यांनी मिळून घ्यायची. शिबिरात मुक्काम असेल तर मुलींच्या खोल्यांकडे स्त्री सदस्य, मुलांच्याही खोलीत एकटा स्वयंसेवक नाही. सदस्याने इंटरॅक्टच्या मुलीला खाजगी मेसेज करायचा नाही, जे काही आहे ते शिक्षक असलेल्या ग्रुपवर. गाडीतून एकट्या मुलाला सोडायला जायचं नाही. बाहेरून बोलावलेला ट्रेनर, फोटोग्राफर, स्वयंपाकी यांची पोलीस पडताळणी. ही पडताळणी म्हणजे अविश्वास नव्हे. पोक्सोच्या 2020 च्या नियमांत मुलांशी संबंध येणाऱ्या संस्थांनी कर्मचाऱ्यांची पडताळणी करावी आणि बालसंरक्षण धोरण ठेवावं हे स्पष्ट लिहिलंय. रोटरीचं स्वतःचं युवा संरक्षण धोरणही आहे. युवक कार्यक्रमात अत्याचाराचा आरोप झाला तर डिस्ट्रिक्टने, म्हणजे रोटरीच्या प्रांताने, 72 तासांच्या आत रोटरी इंटरनॅशनलला कळवायचं असतं. तुमच्या बोर्डावरच्या किती जणांना हे माहीत आहे ते पुढच्या मीटिंगला विचारून बघा.

यापुढचा प्रश्न अवघड आहे आणि तो शांतपणे, कोणतंही प्रकरण समोर नसतानाच विचारायला हवा: आपल्याच एखाद्या सदस्याचं नाव आलं तर क्लब काय करेल? वीस वर्षं एकत्र पोळी-भाजी खाल्लेला माणूस, प्रांतपाल (डिस्ट्रिक्टचा प्रमुख) पदाचा दावेदार, सगळ्यांच्या लग्नकार्यांत पुढे असणारा. त्या वेळी 'आपला माणूस आहे, तो असं करणारच नाही' हे वाक्य पहिल्या पाच मिनिटांत येतं. म्हणून बोर्डाचा लेखी ठराव आत्ताच करून ठेवा: तक्रार आली की पोलिसांना कळवायचं, सदस्याला त्या दिवसापासून मुलांच्या सगळ्या कार्यक्रमांपासून बाजूला ठेवायचं, क्लबने स्वतःची चौकशी समिती नेमायची नाही आणि कोणी मुलाच्या घरी जायचं नाही. चौकशी करणं पोलिसांचं काम आहे. चांगल्या हेतूने नेमलेल्या घरगुती समित्यांनी मुलाला तीच गोष्ट चार-चार वेळा सांगायला लावलेली मी पाहिली आहे. कोर्टात बचावपक्षाचा वकील त्या चार सांगण्यांतल्या फरकांवरच बोट ठेवतो.

कायदा काय म्हणतो हेही सदस्यांना एकदा नीट सांगा, कारण इथे गैरसमज फार आहेत. पोक्सो, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण करणारा 2012 चा कायदा, 18 वर्षांखालच्या प्रत्येक मुलामुलीला लागू आहे. कलम 19 प्रमाणे असा गुन्हा घडल्याचं किंवा घडण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळेल त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. डॉक्टर, शिक्षक, शेजारी, क्लबचा अध्यक्ष, कोणीही सुटलेलं नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर एक वर्षापर्यंत. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर मात्र दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. पुरावा गोळा करून मग कळवायचं असंही नाही. संशय पुरेसा असतो.

आता डॉक्टर सदस्यांकडे येते, कारण तुमच्या क्लबमध्ये तेच सगळ्यात जास्त असणार. ओपीडीत पाच वर्षांची मुलगी वारंवार लघवीच्या जागी संसर्ग घेऊन येते. मुलाच्या पाठीवर, मांडीच्या आतल्या बाजूला वळ आहेत आणि आई म्हणते 'पडला'. खेळताना पडलेल्या मुलाला लागतं ते गुडघ्याला, कोपराला, कपाळाला. कान, मानेच्या बाजू, मांडीची आतली बाजू या पडून लागायच्या जागा नव्हेत. हे डॉक्टरांना दिसतं. पण मग वाक्य येतं, 'पोलीस केस दिसते, सिव्हिलला न्या.' तालुक्यापासून सिव्हिल साठ किलोमीटरवर, आईजवळ परतीच्या एसटीचे पैसे नाहीत, आणि ते कुटुंब सिव्हिलला कधीच पोचत नाही. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 397 प्रमाणे खाजगी रुग्णालयालाही अशा मुलावर तात्काळ आणि मोफत उपचार करून पोलिसांना कळवावं लागतं. तातडीचे उपचार देण्याआधी पोलिसांचं पत्र किंवा कोर्टाचा कागद मागता येत नाही, हे पोक्सो नियमांतच आहे. तुमच्या क्लबमधल्या चार डॉक्टरांनी एकत्र बसून गावापुरती एवढी सोय ठरवली की आमच्या तालुक्यातलं असं मूल पुढे ढकललं जाणार नाही, स्त्री डॉक्टर कोण येणार, गर्भधारणा रोखण्याचं आणि संसर्ग टाळण्याचं औषध कुठे ठेवलेलं असणार, पोलिसांना फोन कोण करणार, तर माझ्या हिशेबी दहा व्याख्यानांपेक्षा ते मोठं काम झालं. याला पैसे लागत नाहीत. एका संध्याकाळची मीटिंग लागते.

संस्थाचालक सदस्यांना बदलापूरची आठवण करून द्या. ऑगस्ट 2024 मध्ये तिथल्या शाळेत बालवाडीतल्या दोन मुलींवर सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचं समोर आलं आणि लोक रेल्वे रुळांवर उतरले. त्यानंतर सीसीटीव्हीची सक्ती झाली, पडताळणीचे आदेश निघाले. कॅमेरा बसवणं सोपं आहे आणि देणगी म्हणून क्लबांना आवडतंही, कारण त्यावर नाव लिहिता येतं. पण कॅमेरा स्वच्छतागृहात नसतो, आणि चित्रण रोज बघणारं कोणी नसतं. मी शाळेत गेले की तीन गोष्टी बघते. छोट्या मुलांच्या स्वच्छतागृहाबाहेर बाई मदतनीस आहे का, रिकामे वर्ग आणि जिन्याखालच्या खोल्या कुलूपबंद आहेत का, आणि तक्रारपेटी कुठे आहे. पेटी बहुतेक शाळांत असते. मुख्याध्यापकांच्या दारालगत, मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, वर धुळीचा थर आणि किल्ली कोणाकडे आहे ते कोणालाच आठवत नाही. तिसरीतल्या मुलाचा हात तिथे पोचत नाही, आणि पोचला तरी शिपाईकाकांच्या स्टुलासमोर चिठ्ठी टाकायची हिंमत कोण करेल? तीच पेटी पाण्याच्या टाकीजवळ, मुलाच्या खांद्याच्या उंचीवर लावा. आठवड्याला ठरलेल्या दिवशी ती बाहेरच्या एका व्यक्तीसमोर उघडा. राज्य शासनाने 2022 मध्ये शाळांत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या नेमायला सांगितलं आहे. समितीचा फलक भिंतीवर असतो, बैठकीचं इतिवृत्त मागितलं की शांतता पसरते. ती समिती जिवंत करणं, तिला दर दोन महिन्यांनी भेटायला लावणं, हे संस्थाचालक सदस्य आपल्या एका शब्दाने करू शकतो.

व्हॅन आणि स्कूलबस हा असाच दुर्लक्षित भाग. महाराष्ट्रात 2011 पासून स्कूलबसचे स्वतंत्र नियम आहेत आणि प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी, असं त्यात आहे. सगळ्यात शेवटी उतरणारं मूल कोण आणि ते व्हॅनमध्ये चालकासोबत किती वेळ एकटं असतं, एवढा एक प्रश्न पालकसभेत विचारा. बहुतेक पालकांनी त्याचा विचार केलेला नसतो. मार्ग उलटा फिरवून किंवा दोन घरांनी एकत्र उतरवून घेऊन ती दहा मिनिटं संपवता येतात. व्हॅनवाल्या काकांना गुन्हेगार समजून त्यांची सभा घेऊ नका. त्यातले बरेच जण मुलांना जीव लावतात, आणि घरी काहीतरी बिनसलंय हे कधी कधी त्यांनाच आधी कळतं. रोज हसत चढणारी मुलगी सहा दिवस खिडकीकडे तोंड करून बसली तर कोणाला सांगायचं, हे त्यांना माहीत असायला हवं.

लैंगिक अत्याचाराबद्दल बोलताना बालविवाह बाजूला राहतो, आणि मराठवाड्यात तर हा विषय बाजूला ठेवणं म्हणजे निम्मं काम सोडणं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे 22 टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. ऊसतोडीला जाणारे आईबाप मुलीला मागे कोणाकडे ठेवायचं या भीतीनेच तिचं लग्न उरकतात. इथे तुमच्या मंगल कार्यालयवाल्या, प्रेसवाल्या, केटरिंगवाल्या आणि बँडवाल्या सदस्यांचं काम येतं. 2006 च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यात लग्न लावणाऱ्याला आणि त्याला हातभार लावणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. कार्यालयाची तारीख घेताना वधूवरांच्या जन्मतारखेचा दाखला मागायचा, एवढा नियम गावातल्या सगळ्या कार्यालयांनी एकत्र केला तर तो टिकतो. एकट्याने केला तर गिऱ्हाईक समोरच्याकडे जातं. एकत्र आणण्याचं हे काम क्लबइतकं चांगलं दुसरं कोणी करू शकत नाही. आणि बीडसारख्या जिल्ह्यांत ऊसतोडीच्या काळात चालणाऱ्या हंगामी वसतिगृहांत गाद्या, सौरदिवे आणि मुलींसाठी कडी लागणारं स्वच्छतागृह दिलंत तर एखाद्या मुलीचं शाळेचं वर्ष वाचतं.

आता तुमच्या शाळांच्या कार्यक्रमाबद्दल. ते करूच नका असं मी म्हणत नाही. आरोग्यविषयक संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेने 2015 मध्ये 24 अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात अशा शिकवणीने मुलांची समज आणि स्वतःला वाचवण्याची कौशल्यं वाढतात असं दिसलं. प्रत्यक्ष अत्याचार कमी होतात असं मात्र त्यातून सिद्ध झालं नाही. म्हणून पाचशे मुलं मैदानात बसवून, माईकवर, पाहुण्यांच्या सत्कारानंतर उरलेल्या चाळीस मिनिटांत हा विषय उरकू नका. एका वर्गात तीसेक मुलं, दोन प्रशिक्षित माणसं, एकाच वर्गाला चार-पाच वेळा. मुंबईतली अर्पण ही संस्था 2006 पासून हेच काम करते, त्यांच्याकडून शिक्षकांचं प्रशिक्षण करून घ्या आणि बजेटचा मोठा वाटा तिथे जाऊ द्या. बाहेरचा वक्ता निघून जातो. मूल बोलायचं ठरवतं तेव्हा त्याच्या समोर वर्गशिक्षिकाच असते. आशयातही एक काळजी घ्या. कित्येकदा अत्याचार मारून, दुखवून होत नाही, लाड करत, खेळ म्हणून, मोबाईलवर काहीतरी दाखवत होतो आणि मुलाला सुरुवातीला वाईट वाटतही नाही. 'वाईट वाटलं तर ओरड' एवढंच शिकवलं तर ज्याला वाईट वाटलं नाही ते मूल नंतर स्वतःलाच दोषी धरतं. आणि मुलग्यांना वगळू नका, 'विद्यार्थिनींसाठी व्याख्यान' असा बोर्ड लावू नका.

कार्यक्रमानंतर मुलं बोलतात, ही शक्यता नाही, खात्री समजा. त्या क्षणासाठी तयारी नसेल तर कार्यक्रम घेऊच नये. चौथीतला मुलगा बूट घालायच्या निमित्ताने मागे रेंगाळतो, लेस दोनदा सोडून बांधतो आणि म्हणतो, 'बाई, एक सांगू? पण कोणाला सांगायचं नाही.' इथे 'नाही सांगणार' असं वचन देऊ नका. 'तुला मदत करायला मला एक-दोन माणसांना सांगावं लागेल, पण वर्गात कोणाला कळणार नाही' असं म्हणा. त्याच्या उंचीला बसा. तो सांगेल तेवढंच ऐका. 'कोणी केलं? किती वेळा? मग तू ओरडला का नाहीस?' हे प्रश्न विचारायचे नाहीत. 'सांगितलंस हे फार चांगलं केलंस, यात तुझी काही चूक नाही' एवढं म्हणायचं, त्याचे शब्द त्याच्याच भाषेत लिहून ठेवायचे आणि त्याच दिवशी पोलिसांना कळवायचं. त्याला त्याच घरी परत पाठवणं धोक्याचं असेल तर 1098 ला फोन करा. ही हेल्पलाइन 1996 मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाली, आता सरकारकडून चालवली जाते आणि चोवीस तास चालू असते. असं मूल बालकल्याण समितीसमोर 24 तासांत हजर केलं जातं आणि ते कुठे राहील हे समिती ठरवते.

आणि मग गावात फोन फिरायला लागतात. मला क्लबांकडून सगळ्यात जास्त अपेक्षा कुठे असेल तर ती इथे आहे. 'मुलीचं नाव खराब होईल', 'तिचं पुढे लग्न कसं व्हायचं', 'दोन्ही घरं आपलीच आहेत, बसून मिटवू'. हे फोन करणारी माणसं वाईट नसतात. ती वजनदार असतात, आणि ती तुमच्या क्लबात असतात. पोक्सोचा गुन्हा आपसांत मिटवता येत नाही, आणि मिटवण्यासाठी पैसे किंवा दबाव आणणं हा मुलावर दुसरा अत्याचार आहे. आमच्या एकाही सदस्याने अशा प्रकरणात मध्यस्थी करायची नाही, एवढा एकच ठराव तुमच्या क्लबने केला, तो वर्तमानपत्रात दिला आणि पाळला, तरी तालुक्यातलं वातावरण बदलायला लागेल. तुमची पत गावात वापरली जाते. ती कोणाच्या बाजूने वापरली जाईल ते आधीच सांगून टाका.

तक्रार झाली की क्लबचं काम संपलं असं नाही. खरं तर तिथून पुढचाच रस्ता लांबचा आहे. कायदा म्हणतो की विशेष न्यायालयाने दखल घेतल्यापासून 30 दिवसांत मुलाची साक्ष व्हावी आणि शक्यतो वर्षभरात खटला संपावा. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात. मुलगी शाळा बुडवून, आई रोजगार बुडवून जिल्ह्याच्या गावी येतात, कोर्टाच्या व्हरांड्यात बसतात, आणि समोरच्या बाकावर आरोपीचे नातेवाईक बसलेले असतात. आई पदर सारखा करत मुलीला स्वतःच्या आड घेते. दुपारी तीनला कळतं की आज साहेब रजेवर आहेत. अशा तिसऱ्या-चौथ्या तारखेनंतर कुटुंब खचतं आणि साक्ष फिरते. इथे जाण्यायेण्याला गाडी, दुपारचं जेवण, बुडालेला रोज आणि सोबत बसणारं एक माणूस, एवढं दिलं तर केस टिकते. पोक्सो नियमांत मुलासाठी सहायक व्यक्ती नेमण्याची तरतूद आहे, बालकल्याण समिती ती नेमते. तालुक्याच्या ठिकाणी अशी प्रशिक्षित माणसं सहज मिळत नाहीत. तुमच्या निवृत्त शिक्षिका सदस्यांपैकी दोघींनी हे प्रशिक्षण घेतलं आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे नाव दिलं तर समितीला फार मोठा आधार मिळेल. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात प्रत्येक जिल्ह्यात असुरक्षित साक्षीदारांसाठी स्वतंत्र साक्ष केंद्र करायला सांगितलं. त्या खोलीत मुलाच्या मापाच्या खुर्च्या, पाण्याचा फिल्टर, चित्रकलेचं साहित्य लागत असेल तर जिल्हा न्यायाधीशांच्या परवानगीने द्या, मात्र कुठेही क्लबचं नाव लिहू नका.

तुमच्या सीए आणि बँकवाल्या सदस्यांनाही काम आहे. राज्याच्या मनोधैर्य योजनेतून पीडित मुलांना अर्थसाहाय्य मिळतं, अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. मुलाचं बँक खातं नसतं, आधारवरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव जुळत नाही, आईची सही जुळत नाही, आणि रक्कम महिनोन्‌महिने अडकते. ज्या मुलांना एकच पालक उरलाय त्यांना बालसंगोपन योजनेतून महिन्याला 2250 रुपये मिळू शकतात, तोही अर्ज याच कारणांनी पडून राहतो. महिन्यातून एक शनिवार दोन सदस्यांनी जिल्हा बाल संरक्षण कक्षात बसून फक्त कागद जुळवले तरी डझनावारी घरांचं भलं होईल.

निरीक्षणगृह, बालगृह, अनाथाश्रम यांना देणगी देताना बाल न्याय कायद्याच्या कलम 41 खालचं नोंदणी प्रमाणपत्र मागा. पनवेलजवळच्या कळंबोलीतल्या मतिमंद मुलींच्या निवासी संस्थेतला भयंकर प्रकार 2011 मध्ये उजेडात आला. अशा ठिकाणी बाहेरच्या लोकांचं डोळसपणे जाणंयेणं असेल तर मुलं वाचतात, नुसत्या वाढदिवसाच्या केकने वाचत नाहीत. जिथे देता तिथे जाऊन स्वयंपाकघर बघा, रात्री काळजीवाहक कोण असतं ते विचारा, मुलं मोठ्या माणसाच्या हाकेला कशी दचकतात ते बघा. मुलांना मिठ्या मारत फोटो काढू नका. आणि फोटोबद्दल एकूणच: पोक्सोच्या कलम 23 ने आणि बाल न्याय कायद्याच्या कलम 74 ने अशा मुलांची ओळख उघड करायला बंदी आहे. नाव न देता गाव, शाळा आणि आईचा व्यवसाय लिहिला तरी ओळख उघडच होते. धनादेश देतानाचा फोटो डिस्ट्रिक्टच्या मासिकात छापायचा मोह मला समजतो, पुरस्कारासाठी पुरावे लागतात हेही माहीत आहे. या प्रकल्पाला तो पुरस्कार मिळणार नाही असं धरूनच तो सुरू करा.

राहिला कालावधीचा प्रश्न. तुमचं वर्ष 30 जूनला संपेल आणि नव्या अध्यक्षांना वृक्षारोपण करायचं असेल. म्हणून पहिल्याच बोर्ड मीटिंगला तीन वर्षांसाठी पाच जणांची समिती करा, त्यात पुढचे आणि त्यापुढचे अध्यक्ष आत्ताच घ्या, आणि दीड लाखांतले पन्नास हजार फक्त कोर्टाच्या तारखांच्या गाडीभाड्यासाठी वेगळ्या खात्यात ठेवा. इनरव्हीलच्या ताईंना आणि गावात दुसरा क्लब असेल तर त्यालाही बरोबर घ्या. दोन क्लबांनी दोन वेगळे 1098 चे फ्लेक्स लावण्याची गरज नाही. सरपंच अध्यक्ष असलेली गाव बाल संरक्षण समिती आजूबाजूच्या गावांत कागदावर आहे, तिच्या बैठकीला तुमच्या समितीतल्या एकाने बसावं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्यांची वेळ घ्या, रिकाम्या हाताने जा, पुष्पगुच्छ नको, आणि विचारा की आमच्या तालुक्यातल्या किती मुलांच्या केसेस चालू आहेत आणि त्यांना पुढच्या तारखेला काय लागणार आहे. नावं ते सांगणार नाहीत, सांगूही नयेत. पण गाडी कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोणत्या फाट्यावर पाठवायची ते सांगतील.